गाळलेली नऊ वचने

आदरणीय ताई, सप्रेम सलाम.

गेली अकरा वर्षं मी आमच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत पहिला शास्त्रपाठ वाचते. वाचनमालेत, म्हणजे कोणत्या रविवारी काय वाचायचं ते ठरवून देणाऱ्या यादीत, जो पाठ येईल तो शनिवारी रात्री दोनदा मोठ्याने वाचून बघायचा, नावांचे उच्चार नीट करायचे आणि सकाळी पुलपिटवर उभं राहायचं, एवढंच माझं काम. ते मला मनापासून आवडतं.

मे महिन्यात माझा धाकटा भाऊ गेला. चाळिशीतलाच होता. धंद्यात भागीदाराने फसवलं, घर गहाण पडलं आणि त्यानंतर त्याचं पिणं हाताबाहेर गेलं. चर्चला येणं तर त्याने केव्हाच सोडलं होतं. शेवटच्या आठवड्यात एका रात्री त्याचा फोन आला. मी उचलला नाही. प्यायलेला असेल, उद्या बोलू, असं वाटलं. चार दिवसांनी तो गेला.

सप्टेंबरमध्ये माझ्या वाट्याला जुन्या करारातल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय आला. ‘मी पाहिलं तर कोणी माणूस उरला नव्हता’ या वचनाशी आले आणि मला भावाची रिकामी खोली दिसली. आवाजच फुटेना. कसाबसा पाठ संपवला, पण ‘वाचलेल्या वचनाला प्रभू आशीर्वाद देवो’ हे शेवटचे शब्द तोंडातून आलेच नाहीत. थोड्या वेळाने पाळकसाहेबांनी शुभवर्तमान वाचलं, हरवलेलं मेंढरू सापडेपर्यंत शोधणाऱ्या मेंढपाळाचं. हा देव आणि मघाचा देव एकच कसा, हेच मनात घोळत राहिलं. उपासना संपल्यावर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘बाई, शास्त्र कोणाला सोडत नाही. तुझ्या भावाचंच बघ.’ पुढच्या रविवारी मी गेले नाही.

माझ्या भावाचा देवाने न्याय केला का? असे पाठ उपासनेत वाचायचेच कशाला? पाळकसाहेबांना सांगून ते गाळता येणार नाहीत का? की मीच वाचणं सोडून द्यावं?

एक वाचक भगिनी

* * *

प्रिय भगिनी,

सलाम. तुमचं पत्र तीनदा वाचलं. आधी त्या बाईंचं वाक्य बाजूला काढू, कारण ते मनात रुतून बसलं असेल तर पुढचं काहीच आत जाणार नाही.

ते वाक्य शास्त्रातलं नाही. नेमका हाच प्रश्न लोकांनी येशूपुढे आणला होता आणि त्याचं उत्तर लूकच्या तेराव्या अध्यायात लिहून ठेवलेलं आहे. रोमन सुभेदार पिलाताने काही गालीलकरांना यज्ञ करत असतानाच मारलं होतं. लोकांनी ती बातमी येशूला सांगितली. सांगण्यामागचा प्रश्न त्याने ओळखला: ते इतरांपेक्षा जास्त पापी होते म्हणून त्यांच्यावर ही वेळ आली, असं तुम्हाला वाटतं का? मुळीच नाही, असं तो स्वतःच सांगतो. मग आणखी एक घटना त्याने स्वतःहून काढली. शिलोहातला बुरूज कोसळून अठरा माणसं दगावली होती. ती यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त दोषी होती का? पुन्हा तेच उत्तर, मुळीच नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बघून विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तिथेही तो दोन्ही पर्याय नाकारतो. दोष नसताना संकटांत सापडलेल्या ईयोबाच्या मित्रांनी अध्यायांमागून अध्याय त्या बाईंचंच मत मांडलं आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांना म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत.

तुमच्या भावाच्या मागे कर्ज होतं, विश्वासघात होता आणि पिण्याचा आजार होता. मृत्यूची कारणं तिथे आहेत. त्यावर देवाच्या सहीचा निकाल चिकटवण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही, मंडळीत केस पांढरे झालेल्यांनाही नाही.

पण लूकचा तेरावा अध्याय तिथेच थांबत नाही, म्हणून मलाही थांबता येत नाही. येशू लगेच म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुम्हीही असेच नाश पावाल. मेलेल्यांचा हिशेब मागायला आलेल्यांकडेच तो वळला. मग अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगतो. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक, माळी म्हणतो, महाराज, आणखी एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. गोष्ट तिथेच संपते. झाडाचं पुढे काय झालं ते कळत नाही, कारण ते ऐकणाऱ्यांवर सोडलेलं आहे.

संदेष्ट्यांची न्यायाची वचनं अशीच ऐकायची असतात. ती जिवंत माणसाच्या कानात घातलेली हाक आहे. योना संदेष्टा निनवे नगराच्या रस्त्यांतून ओरडत गेला, आणखी चाळीस दिवसांत निनवे उलथून पडेल. त्या वाक्यात ‘जर’ नव्हता, अट नव्हती. तरीही लोक वळले आणि देवाने मनात आणलेलं अरिष्ट आणलं नाही. योनाला त्याचा राग आला. तो म्हणतो, मला ठाऊकच होतं, तू कृपाळू, कनवाळू, मंदक्रोध देव आहेस, म्हणून तर मी पळालो होतो! सीनायवर मोशेपुढे देवाने स्वतःची ओळख ज्या शब्दांत सांगितली तेच शब्द योना तक्रार म्हणून वापरतो. न्यायाचा संदेश खरा ठरावा म्हणून तळमळणारा त्या पुस्तकात एकटा योना आहे. देव शेवटी त्याला विचारतो, ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरंढोरं या नगरात आहेत, त्यांची मला कीव येऊ नये का? पुस्तक या प्रश्नावर संपतं.

आता तुमचा पाठ. त्याचा क्रमांक तुम्ही लिहिला नाहीत, पण त्याच दिवशी हरवलेलं मेंढरू होतं, म्हणजे तुमची मंडळी 1992 साली आलेली सुधारित सामायिक वाचनमाला वापरत असणार. तीन वर्षांचं तिचं चक्र असतं. मत्तयाचं वर्ष, मार्कचं वर्ष, लूकचं वर्ष, आणि योहान तिन्ही वर्षांत अधूनमधून. लूकच्या वर्षात 11 ते 17 सप्टेंबरच्या दरम्यान जो रविवार येतो त्याला यिर्मया चौथा अध्याय नेमलेला आहे. वचनं 11 आणि 12, मग एकदम 22 ते 28. मधली नऊ वचनं, 13 ते 21, गाळलेली.

तुम्ही शनिवारी पाठ बघताना नेमलेलीच वचनं वाचली असतील, सगळे तसंच करतात. आज पवित्र शास्त्र उघडा आणि ती गाळलेली नऊ वाचा. त्यातलं एकोणिसावं वचन असं आहे: माझी आतडी, माझी आतडी! मी वेदनेने तळमळतो आहे, माझं काळीज धडधडतं आहे, माझ्याने गप्प राहवत नाही.

ज्याच्या तोंडून न्यायाची ती भयानक वचनं निघाली, तो ती बोलताना असा कळवळत होता. वाचनमाला करणाऱ्यांनी पाठ आटोपशीर व्हावा म्हणून कात्री लावली असेल, त्यात काही वाईट हेतू नसतो. पण त्या कात्रीत नेमका संदेष्ट्याचा आक्रोश गेला. उरला तो फक्त तप्त वारा, काळं झालेलं आकाश आणि ओसाड देश. मंडळीपुढे तो पाठ कोरडा आला असता. तुमचा आवाज दाटला आणि गाळलेलं एकोणिसावं वचन त्या उपासनेत परत आलं. अकरा वर्षांत तुम्ही सगळ्यांत खरा वाचलेला पाठ कदाचित तोच असेल. माझ्या मते त्याबद्दल लाजण्यासारखं तिथे काहीच घडलं नाही.

आणि ‘आतडी’ हा शब्द धरून ठेवा. आपण मराठीत म्हणतो ना, पोराला उपाशी पाहून आईचं आतडं तुटलं? हिब्रूतही दुःखाची आणि मायेची जागा तीच आहे. चौथ्या अध्यायात यिर्मया ज्या शब्दाने ओरडतो, तोच शब्द त्याच्या पुस्तकात एकतिसाव्या अध्यायात पुन्हा येतो, विसाव्या वचनात. तिथे बोलणारा देव आहे, आणि एफ्राइम म्हणजे त्याच्यापासून दुरावलेले इस्राएल लोक. एफ्राइम माझा लाडका मुलगा ना? मी त्याच्याविरुद्ध कितीही बोललो तरी त्याची आठवण मला येतच राहते, त्याच्यासाठी माझी आतडी कळवळतात, मी त्याच्यावर दया करीनच करीन. विरुद्ध बोलणारा आणि कळवळणारा एकच आहे, आणि तो ही कबुली स्वतः देतो. मघाचा देव आणि आत्ताचा देव एकच कसा, या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून जवळचं उत्तर नाही. होशेयच्या अकराव्या अध्यायातही तेच. एफ्राइमा, मी तुला कसा सोडून देऊ? माझं मन आतल्या आत पालटलं आहे. मी देव आहे, माणूस नव्हे. दया करण्याचं कारण म्हणून तो स्वतःचं देवपण पुढे करतो.

हे दोन देव वेगळे मानून मोकळं व्हावं असं वाटणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. दुसऱ्या शतकात मार्कियन नावाचा एक श्रीमंत ख्रिस्ती माणूस रोमच्या मंडळीत होता. जुन्या कराराचा न्यायी देव वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असं तो शिकवू लागला. त्याने जुना करार संपूर्ण टाकला आणि स्वतः काटछाट केलेलं लूकचं शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रं एवढंच शास्त्र ठेवलं. सुमारे इ.स. 144 मध्ये मंडळीने त्याला दूर केलं. मोठी सोपी वाट होती ती, तरी मंडळीने नाकारली. का नाकारली असेल, त्याचं एक कारण तुमच्याच पत्रात आहे.

तुमच्या भावाला ज्याने फसवलं तो भागीदार. त्याच्याविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीत. मी विचारते: त्या माणसाबद्दल देवाला काहीच म्हणायचं नसावं, असं तुम्हाला चालेल का? हरवलेल्या मेंढराचा देव फक्त गोड बोलून सगळं सोडून देणारा असेल, तर तुमच्या भावाचं जे लुबाडलं गेलं त्याची दाद कोणाकडे मागायची? आमोसच्या आठव्या अध्यायात व्यापारी शब्बाथ कधी सरतो याची वाट बघत असतात, म्हणजे माप लहान करता येईल, वजन वाढवता येईल, खोट्या तराजूने फसवता येईल, गव्हाबरोबर भुसाही विकता येईल. आणि परमेश्वर शपथ घेऊन म्हणतो, त्यांचं एकही कृत्य मी कधी विसरणार नाही. फसवणाऱ्याला ती धमकी आहे. फसलेल्याला मात्र त्या एका वाक्याइतका आधार दुसऱ्या कशाचा नसतो.

नाताळच्या उपासनेला नेमलेली स्तोत्रं बघा, 96 आणि 98. आपण ती आनंदाने गातो. त्यात समुद्र गर्जतो, वनातली झाडं गातात, नद्या टाळ्या वाजवतात. कशासाठी? तो पृथ्वीचा न्याय करायला येत आहे म्हणून. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते आणि मागते तो न्यायच. ज्यांच्यावर कधी अन्याय झाला नाही त्यांनाच न्यायाचे पाठ नकोसे वाटतात, असं मी म्हणणार नाही, तुम्ही होरपळलेल्या आहात. पण मी स्वतः एकदा यात चुकले आहे, ते सांगते.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्याकडे 137 वं स्तोत्र वाचायला होतं. बाबेलच्या नद्यांजवळ बसून रडलो, इथून ते सुरू होतं. शेवटचं वचन शत्रूच्या बाळांना खडकावर आपटण्याविषयी आहे. समोर लहान मुलं बसलेली होती, मी ते वाचलं नाही, आधीच थांबले. कोणाच्या लक्षात आलं नाही, असं मला वाटलं. उपासनेनंतर एक बाई आल्या. त्यांच्या घरावर झालेला अत्याचार मंडळीत सगळ्यांना ठाऊक होता आणि कोणीही त्याविषयी त्यांच्याशी बोलत नव्हतं. त्या म्हणाल्या, आज तुम्ही माझंच वचन गाळलंत. दुसरं काही बोलल्या नाहीत, निघून गेल्या. ते वचन करण्यासाठी दिलेली आज्ञा नाही, लुटल्या गेलेल्या माणसाने देवापुढे ओकलेला संताप आहे, हे मला वाचून माहीत होतं. कोणाला तो तिथे ओकायची गरज असते, हे त्या दिवशी कळलं.

तरी गाळण्याचा प्रश्न मी सरसकट ‘नाही’ म्हणून मिटवणार नाही. थोर मंडळींनीही विचारपूर्वक गाळलेलं आहे. रोमन कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आपली दैनंदिन प्रार्थना नव्याने रचली तेव्हा 58, 83 आणि 109 ही तीन स्तोत्रं त्यातून पूर्ण वगळली. तुमच्याच रविवारी जुन्या कराराचा दुसरा पर्यायही वाचनमालेत आहे, निर्गम 32. लोकांनी सोन्याचं वासरू केलं आणि मोशे देवापुढे उभा राहून त्यांच्यासाठी रदबदली करतो. पाळकसाहेबांना तो घेता आला असता. पुढच्या फेरीला तुम्ही त्यांना तसं सुचवू शकता.

मात्र कात्री हातात घेताना यहोयाकीम राजाला आठवावं. यिर्मयाच्याच पुस्तकात छत्तिसाव्या अध्यायात ही हकिकत आहे. नववा महिना, थंडीचे दिवस, राजा हिवाळ्याच्या महालात शेगडीपुढे बसलेला. यहूदी नावाचा अधिकारी यिर्मयाची गुंडाळी वाचून दाखवतो आहे. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा चाकूने तेवढा तुकडा कापतो आणि शेगडीत टाकतो, असं करत सगळी गुंडाळी जळते. नंतर यिर्मया सांगतो, त्याचा लेखनिक बारूख पुन्हा लिहून काढतो, आणि पहिल्यापेक्षा जास्त लिहिलं जातं. त्या वाचणाऱ्याबद्दल मला नेहमी वाईट वाटतं. तो वाचतो आहे, समोर कागद जळतो आहे, तरी त्याला पुढचा रकाना वाचायचाच आहे. शास्त्र वाचणाऱ्याच्या नशिबी असे दिवस येतात.

मग वाचायचं कसं? इथे मला यहूदी सभास्थानांची जुनी रीत फार शहाणपणाची वाटते. लेवीय आणि अनुवाद या पुस्तकांच्या अनुक्रमे 26 व्या आणि 28 व्या अध्यायांतले शाप तिथे वार्षिक वाचनात येतात तेव्हा ते गाळत नाहीत, पण वाचणारा आवाज खाली आणतो आणि ते भरभर वाचून पुढे जातो. आणि विलापगीत वाचतात तेव्हा शेवटचं वचन आहे, ‘तू आम्हाला अगदी टाकून दिलं आहेस का’ अशा अर्थाचं. त्या वचनावर ते लोकांना घरी पाठवत नाहीत. त्याच्या आधीचं वचन पुन्हा एकदा मोठ्याने म्हणतात: हे परमेश्वरा, आम्हाला तुझ्याकडे वळव म्हणजे आम्ही वळू, आमचे दिवस पूर्वीसारखे नवे कर. यशया आणि मलाखी यांच्या शेवटीही हीच रीत आहे. कठोर शब्द वाचायचा, पण त्याच्यावर माणसांना सोडून जायचं नाही.

तुमच्या पाठात तसं वचन सत्ताविसावं होतं. संपूर्ण देश ओसाड होईल, तरी मी त्याचा पुरता अंत करणार नाही. लिहिणाऱ्याने ते फुलवलेलं नाही. एवढासा तुकडा, आणि अठ्ठाविसाव्यात पुन्हा पृथ्वी शोक करते, आकाश काळं होतं. घाईत वाचलं तर तो ऐकूही येत नाही. पुढे कधी हा पाठ तुमच्याकडे आला तर त्याच्या आधी थांबा, श्वास घ्या, ‘तरी’ हा शब्द वेगळा उच्चारा, आणि पुढे जाण्याआधी पुन्हा थांबा. पाळकसाहेबांना विचारून एकोणिसावं वचनही पाठात घ्या. त्यांना आनंदच होईल. आणि पाठाआधी एखादं वाक्य बोलायची मुभा असेल तर एवढंच सांगा की हे यरुशलेमच्या नाशाआधी, स्वतः त्या नगरावर जीव असलेल्या माणसाने रडत सांगितलेलं आहे. ते नगर इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलच्या हातून खरंच पडलं, आणि यिर्मया त्या वेळी तिथेच होता, कैदेत, वेढ्यातल्या लोकांबरोबर.

‘मी पाहिलं’ हे शब्द त्या पाठात चार वेळा येतात. मी पृथ्वीकडे पाहिलं, ती आकारहीन आणि शून्य. मी डोंगरांकडे पाहिलं, ते कापत होते. मी पाहिलं, माणूस नाही, पाखरंही उडून गेलेली. मी पाहिलं, सुपीक जमिनीचं रान झालेलं. पहिल्या ठिकाणचे शब्द उत्पत्तीच्या आरंभीचेच आहेत, प्रकाश होण्याआधीचे. तिसऱ्या ‘मी पाहिलं’शी तुम्हाला भावाची खोली दिसली. संदेष्टाही तसाच कुठल्यातरी दाराशी उभा राहून बघत असावा. पाठ समजून घेण्याची याहून मोठी तयारी शनिवारी रात्री उच्चार पाठ करून होत नसते.

फोनबद्दल तुम्ही मला काही विचारलं नाहीत. पण पत्रातली सगळ्यांत छोटी वाक्यं तिथे आहेत, म्हणून विचारलंत असं धरून लिहिते.

त्या रविवारी यिर्मया आणि लूक यांच्या मधे आणखी एक पाठ होता, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय. दुखावलेल्या माणसाचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. तिथे पौल म्हणतो, मी निंदा करणारा, छळ करणारा, उद्दाम माणूस होतो. पाप्यांना तारायला ख्रिस्त येशू जगात आला, आणि त्या पाप्यांत मी पहिला. मधे तो एक साधी गोष्ट नोंदवतो: मी जे केलं ते अजाणतेपणी केलं. चार दिवसांनी काय होणार हे तुम्हाला माहीत नव्हतं. ‘उद्या बोलू’ म्हणताना तुम्ही भावाला टाकलं नव्हतं, उद्या त्याच्याशी बोलण्याचं ठरवलं होतं. तरीही टोचत असेल, टोचणारच, तर ती गोष्ट लपवून फिरू नका. पाळकसाहेबांना एकांतात भेटा आणि जसं मला लिहिलंत तसं सांगा, फोनासकट. आणि झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांनाही भेटा. त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

भाऊ आता कुठे आहे, हे सांगण्याचा अधिकार मलाही नाही, त्या बाईंना नाही तसाच. मेंढराच्या गोष्टीतलं मात्र एक दाखवते. मेंढरू हरवल्यावर काय करतं ते येशू सांगतच नाही. ते ओरडलं, परतीची वाट धरली, असं काही नाही. त्याच पाठातल्या पुढच्या गोष्टीत एका बाईचं नाणं हरवतं; त्या नाण्याला तर आपण हरवलो आहोत हेही कळत नाही. दोन्ही गोष्टींत शोधणाराच फक्त हलतो, आणि किती शोधतो त्याचं माप दोन्हीकडे एकच दिलेलं आहे: सापडेपर्यंत. ज्या रात्री भावाचा फोन तुमच्याकडून राहिला, त्या रात्री त्याला शोधणाऱ्या तुम्ही एकट्या होतात असं समजू नका.

वाचणं सोडू का, असं तुम्ही विचारलंत. थोडे महिने थांबायचं असेल तर जरूर थांबा. पाळकसाहेबांना स्पष्ट सांगा, दुसरं कोणी वाचेल, तुम्ही बाकावर बसून ऐका. शोकात असलेल्या माणसाने पुलपिटवर जायलाच हवं असा नियम नाही. पण आपण अपात्र झालो असं वाटून थांबत असाल तर थांबू नका.

त्या वडीलधाऱ्या बाईंशी वाद घालायला जाऊ नका, निदान आत्ता नको. पुन्हा तसं बोलल्या तर ‘लूक तेरा वाचा’ एवढं म्हणून हात सोडवून घ्या.

आणि एक काम सांगते. ज्या रविवारी तुम्ही घरी राहिलात त्या रविवारचा पाठ मी काढून पाहिला. यिर्मयाच होता, आठव्या अध्यायाचं अठरावं वचन ते नवव्याचं पहिलं. सगळी मिळून सहा वचनं. माझ्या दुःखाला उपाय नाही, माझं हृदय खचलं आहे, इथून सुरुवात. हंगाम सरला, उन्हाळा संपला, तरी आमची सुटका झाली नाही. गिलादात मलम नाही का? तिथे कोणी वैद्य नाही का? आणि शेवटी: माझं मस्तक पाणी असतं, माझे डोळे आसवांचा झरा असते, तर माझ्या लोकांतल्या मेलेल्यांसाठी मी रात्रंदिवस रडलो असतो. मधे बोलणारा कुठे यिर्मया आहे आणि कुठे परमेश्वर, हे जाणत्यांनाही नक्की वेगळं करता आलेलं नाही. त्याच दिवशीच्या पत्रपाठात, तीमथ्याला लिहिलेल्या त्याच पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, सगळ्या माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे असं वाक्य आहे.

तो तुमचाच पाठ होता. तुमच्या वाट्याचा राहिला आहे. एखाद्या संध्याकाळी भावाच्या खोलीत जा, दार उघडं ठेवा आणि ती सहा वचनं मोठ्याने वाचा. आवाज गेला तर जाऊ द्या, थांबून पुन्हा सुरू करा. संपल्यावर त्या दिवशी राहिलेले शब्दही म्हणा: वाचलेल्या वचनाला प्रभू आशीर्वाद देवो.

तुमची,
ताई